हृदयाचा ताल व विजेची साक्ष

दुखणे बरे झाले असे डॉक्टरांनी सांगितले म्हणजे घरातील मंडळींच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हाच की, 'आता हे पुन्हा उलटणार तर नाही ना?' विषमज्वर उलटतो, हिवताप उलटतो, हे आपल्या वडीलधाऱ्या मंडळींस अनुभवाने ठाऊक होते. आणि म्हणूनच ताप उतरल्यावरही पथ्यपाणी आठवडेच्या आठवडे सांभाळण्याची शिस्त घरोघरी असे. हृदयाचेही असेच एक उलटणारे दुखणे आहे. त्यात हृदयाचा ताल बिघडतो, उपचाराने तो पुन्हा जुळतो, रोग्यास बरे वाटू लागते, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तो ताल पुन्हा बिघडतो. डॉक्टर मंडळी त्यास 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. आपण त्यास 'कर्णिकाकंप' म्हणू. हे दुखणे कोणाचे उलटेल व कोणाचे उलटणार नाही, याची चाहूल हृदयातील विजेच्या लेखावरून आधीच घेता येईल काय, हा आजच्या वैद्यकातील एक महत्त्वाचा प्रश्न होय. त्याचे उत्तर प्रत्येक कुटुंबास उपयोगी पडण्यासारखे असल्यामुळे तो विषय येथे थोडा विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम हृदयाची रचना ध्यानात घ्यावी. हृदयाचे कप्पे चार. वरच्या दोहोंस कर्णिका व खालच्या दोहोंस जवनिका म्हणतात. उजव्या कर्णिकेच्या वरच्या अंगास पेशींचा एक लहानसा पुंज आहे. इंग्लंडात आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली तो शोधून काढला. विसावलेल्या निरोगी प्रौढ मनुष्यात हा पुंज मिनिटास साधारणतः ६० ते १०० वेळा विजेचा सूक्ष्म स्पंद उत्पन्न करतो. त्या स्पंदाची लाट दोन्ही कर्णिकांवर पसरते, कर्णिका आकुंचन पावतात व त्यांतील रक्त खाली जवनिकांत उतरते. कर्णिका व जवनिका यांच्या मधोमध दुसरा एक पुंज द्वारपाळासारखा बसलेला आहे. सुनाओ तावारा या जपानी शास्त्रज्ञाने जर्मनीत राहून १९०६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा द्वारपाळ त्या लाटेस क्षणभर थोपवितो आणि मग खाली सोडतो. त्यामुळे वरचे कप्पे आधी व खालचे मागाहून, असा क्रम अखंड चालू राहतो.

कर्णिकाकंपात हा क्रम मोडतो. एका लाटेच्या जागी अनेक लहान लहान लाटा कर्णिकांत सैरावैरा फिरू लागतात. त्यांची संख्या मिनिटास ३५० पासून ६०० पर्यंत जाते. कर्णिका आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरत राहतात. द्वारपाळ त्यांपैकी काही लाटा अडवितो, काही सोडतो. परंतु कोणती अडवावी व कोणती सोडावी यास काही नियम उरत नाही, म्हणून मनगटावरील नाडी अगदी अनियमित लागते. कोणास धडधड होते, कोणास दम लागतो, कोणास नुसता थकवा येतो, आणि कित्येकांस तर काहीच जाणवत नाही. हे न जाणवणेच अधिक घातक ठरते. कारण थरथरणाऱ्या डाव्या कर्णिकेच्या एका कोपऱ्यात पिशवीसारखा भाग आहे. तेथे रक्त साचून राहिले म्हणजे त्याची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली की अर्धांगवायूचा झटका येतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी अनेक वर्षे चाललेल्या पाहणीचे जे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले त्यांत कर्णिकाकंपाच्या रोग्यांस असा झटका येण्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट आढळला.

आता या विजेचा लेख कसा हाती आला ते पाहू. नाडीवरून हृदयाची स्थिती ओळखण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे विवेचन आहेच. परंतु नाडी सांगते ती जवनिकांची हकीकत. कर्णिकांत काय चालले आहे हे बोटांस कळण्यास मार्ग नव्हता. १८८७ साली लंडन येथे ऑगस्टस वॉलर याने केशनलिकेतील पाऱ्याच्या हालचालीवरून जिवंत माणसाच्या हृदयातील विजेचा लेख प्रथम घेऊन दाखविला. त्याचा जिमी नावाचा एक बुलडॉग कुत्रा होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून वॉलर हा प्रयोग सभांतून दाखवीत असे. १९०९ साली हा प्रयोग रॉयल सोसायटीत झाल्यावर मुक्या प्राण्याचा छळ होतो की काय, असा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटात विचारण्यात आला, आणि ते पाणी म्हणजे साधे मिठाचे पाणी होय असा खुलासा सरकारपक्षास करावा लागला! मौजेची गोष्ट अशी की, या विद्येचा इस्पितळांतून फारसा उपयोग होईल असे खुद्द वॉलर यासच वाटत नव्हते.

ती शंका खोटी ठरविली ती विलेम आइंटहोव्हेन या डच शास्त्रज्ञाने. त्याचा जन्म १८६० साली जावा बेटातील सेमारांग येथे झाला. लायडन येथे प्राध्यापक असताना त्याने बलाढ्य विद्युच्चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अत्यंत बारीक तंतू ताणून बसविला. हृदयातील वीज त्या तंतूतून वाहू लागली की तंतू हाले, आणि त्याची छाया सरकत्या फोटोपट्टीवर उमटे. हे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते व ते चालविण्यास पाच माणसे लागत. रोग्याचे दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवावे लागत. या लेखातील चढउतारांस त्याने पी, क्यू, आर, एस, टी अशी अक्षरे दिली, आणि तीच आजतागायत चालत आहेत. १९२४ सालचे नोबेल पारितोषिक त्यास या कार्याबद्दल मिळाले. आज घरोघरी 'ईसीजी' म्हणून परिचित असलेला लेख तो हाच.

या पाच अक्षरांपैकी आपल्या विषयाशी निकट संबंध आहे तो पहिल्या अक्षराचा. 'पी' हा छोटासा उंचवटा म्हणजे कर्णिकांवरून जाणाऱ्या लाटेची खूण होय. कर्णिका थरथरू लागल्या की हा उंचवटा नाहीसा होतो व त्या जागी बारीक, वेड्यावाकड्या लहरी दिसतात. नाडीचा तो जुना, कायमचा अनियमितपणा आणि कर्णिकांचा हा कंप ही एकाच रोगाची दोन रूपे आहेत, हे १९०९ साली लंडनमध्ये टॉमस लुईस याने आणि व्हिएन्नात रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी सिद्ध केले.

रोग ओळखता आला. पुढे ताल परत कसा आणावा हा प्रश्न. यातील पहिले पाऊल एका रोग्यानेच दाखविले. १९१२ साली एक डच व्यापारी वेंकेबाख या हृदयरोगतज्ज्ञाकडे गेला. वेंकेबाखने आपली असमर्थता सांगताच तो व्यापारी म्हणाला की, कोयनेल घेतल्याने माझी नाडी ठिकाणावर येते, उद्या येऊन दाखवितो. आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच तो नियमित नाडी घेऊन हजर झाला. यातूनच पुढे १९१८ साली कोयनेलाचे भावंड जे क्विनिडीन त्याचा उपयोग सुरू झाला. १९६२ साली अमेरिकेत बर्नार्ड लाउन याने विजेचा एक नेमका धक्का देऊन ताल पूर्ववत करण्याची रीत प्रसिद्ध केली. १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल आयसागेर व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, या कंपाची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. त्यांच्या ४५ रोग्यांत सापडलेल्या ६९ उगमस्थानांपैकी ६५ या शिरांतच होती. तेव्हापासून मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, उष्णतेने किंवा थंडीने त्या तोंडांभोवती कुंपण घालण्याचा उपचार, ज्यास 'अब्लेशन' म्हणतात, तो सर्वत्र रूढ झाला.

हे सर्व उपाय ताल परत आणतात. परंतु परत आलेला ताल टिकेलच अशी हमी त्यांपैकी एकही देत नाही. असे का व्हावे? याचा उलगडा नेदरलंड्समधील मास्ट्रिख्ट येथे मॉरिट्स अलेसी व त्यांचे सहकारी यांनी बकऱ्यांवर केलेल्या प्रयोगांतून पुष्कळसा झाला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत निरोगी बकऱ्यांच्या कर्णिकांत यंत्राने कंप उत्पन्न केला असता तो आरंभी काही सेकंदांत आपोआप थांबे. परंतु तोच कंप यंत्राने दिवसेंदिवस चालू ठेवला असता, दोनतीन आठवड्यांत बहुतेक बकऱ्यांत तो एकदा सुरू झाला की चोवीस तासांहून अधिक काळ थांबेनासा झाला. म्हणजे कंपानेच पुढच्या कंपास वाट करून दिली. ताल पूर्ववत केल्यावर विजेच्या गुणधर्मांतील बदल सुमारे आठवड्याभरात ओसरला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. परंतु माणसात वर्षानुवर्षे चाललेल्या रोगाने कर्णिका रुंदावते, तिच्या स्नायूंत तंतुमय व्रण होतात, आणि हे व्रण आठवड्याभरात जात नाहीत. नाडी नियमित झाली तरी ते तेथेच असतात.

आणि येथेच विजेची साक्ष कामास येते. व्रणांनी भरलेल्या किंवा रुंदावलेल्या कर्णिकेतून जाण्यास लाटेस अधिक वेळ लागतो. खडबडीत रस्त्याने गाडी सावकाश जावी तसेच हे. म्हणून 'पी'चा उंचवटा लांबतो. ईसीजीचा कागद साधारणतः सेकंदास २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो, म्हणजे त्यावरील एक बारीक घर सेकंदाच्या ४० सहस्रांशांएवढे होते. निरोगी 'पी' सामान्यतः अशा तीन घरांच्या आत, म्हणजे १२० सहस्रांशांच्या आत आटोपतो. ताल जुळल्यानंतर घेतलेल्या लेखात तो याहून बराच लांब आढळला, तर अशा रोग्यांत दुखणे उलटण्याचे प्रमाण अधिक असते, असे विजेच्या धक्क्यानंतरच्या व अब्लेशननंतरच्या अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

दुसरी खूण उंचवट्याच्या आकाराची. उजव्या कर्णिकेतून डावीकडे लाट नेणारा स्नायूंचा एक पूल आहे. बाखमान याने १९१६ साली त्याचे वर्णन केले. हा पूल निकामी झाला की लाट खालच्या वाटेने वळसा घेऊन डावीकडे चढते, आणि लेखाच्या काही विशिष्ट ओळींत 'पी' आधी वर व मग खाली असा दुहेरी उमटतो. बार्सिलोना येथील अंतोनी बायेस द लुना यांनी या खुणेचा व कर्णिकेच्या तालबिघाडांचा संबंध दाखविला.

तिसरी खूण ताल बिघडलेला असतानाच मिळते. त्या बारीक लहरींत जवनिकांचे मोठे तरंग मिसळलेले असतात; संगणकाने ते वजा करून उरलेल्या लहरींची गती मोजता येते. ही गती जितकी मंद तितकी ताल परत येण्याची व टिकण्याची आशा अधिक, असे सामान्यतः आढळते. चौथी खूण अवेळी पडणाऱ्या ठोक्यांची. नॉर्मन होल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाने चालत्याबोलत्या माणसाचा ईसीजी घेण्याची युक्ती काढली. त्याचे पहिले यंत्र सुमारे ३८ किलोचे असून ते पाठीवर वाहावे लागे. आज त्याच्या नावाचे यंत्र खिशात मावते व दिवसरात्र नोंद घेते. अशा नोंदीत कर्णिकांतून निघणारे अवेळी ठोके फार आढळले तर ठिणग्या अजून पडत आहेत असे समजावे.

या सर्वांवर कळस केला तो संगणकाने. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या संस्थेत १,८०,९२२ रोग्यांचे ६,४९,९३१ ईसीजी संगणकास 'शिकवून', 'पी' नियमित दिसत असताना घेतलेल्या लेखावरून त्या मनुष्यास कर्णिकाकंप होतो की नाही हे ओळखण्याचा प्रयत्न झाला. १९१९ नव्हे, २०१९ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे एकाच लेखावरून दिलेली उत्तरे शंभरांत सुमारे ७९ वेळा बरोबर निघाली. तज्ज्ञांच्या डोळ्यांस जो लेख निर्दोष दिसतो त्यातही पूर्वीच्या किंवा येऊ घातलेल्या कंपाच्या खुणा असतात, हे यावरून स्पष्ट होते. दुखणे उलटण्याचे अनुमान करण्यासाठीही अशाच रीती आता अजमावल्या जात आहेत.

तथापि सुज्ञ वाचकांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पत्रिका मांडून सांगितलेले भविष्य आणि हे अनुमान यांत मोठे अंतर आहे. लांब 'पी' असलेल्या शंभर माणसांत अधिक जणांचे दुखणे उलटेल, एवढेच शास्त्र सांगू शकते. त्यांपैकी आपले आजोबा कोणत्या बाजूस पडतील हे ते निश्चयाने सांगत नाही. शिवाय हा उंचवटा इतका लहान असतो की दोन जणांनी मोजलेल्या मापांत फरक पडतो. रोग्याचे वय, रोग किती वर्षांचा आहे, डावी कर्णिका किती रुंदावली आहे, रक्तदाब, स्थूलता, झोपेत घोरताना श्वास अडकणे, या सर्वांचा विचार लेखाबरोबरच करावा लागतो. आपल्या देशात आणखी एक कारण आहे. लहानपणी संधिज्वर होऊन हृदयाची द्विदल झडप अरुंद झालेल्या पुष्कळ तरुण स्त्रीपुरुषांसही हा कंप होतो; तेथे मूळ झडपेचा विचार केल्यावाचून तालाचा विचार पुरा होत नाही.

मग या अनुमानाचा घरास उपयोग काय? उपयोग मोठा आहे, आणि तो पथ्याचा आहे. ताल जुळला, धडधड थांबली, म्हणजे रोग्यास वाटते की आता रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची कटकट कशाला? घरातील मंडळींसही तसेच वाटते. २००२ साली अमेरिकेत ४,०६० रोग्यांच्या एका मोठ्या तुलनेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की, गुठळीमुळे अर्धांगवायू झालेल्यांपैकी बहुतेकांनी रक्त पातळ ठेवण्याचे औषध एकतर बंद केले होते किंवा ते अपुरे पडत होते. ज्यांचा ताल परत आणण्याची खटपट चालू होती त्यांच्याही बाबतीत हेच घडले. कारण उघड आहे. पुन्हा येणारा कंप पुष्कळदा न जाणवता येतो, आणि तो आला हे समजण्याच्या आत गुठळी आपले काम करून जाते. हे औषध चालू ठेवावे की नाही हे नाडी सुधारली एवढ्यावरून ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा झटका इत्यादी गोष्टींवरून डॉक्टर ते ठरवितात. ज्याच्या लेखात दुखणे उलटण्याच्या खुणा आहेत त्याच्यावर अधिक बारीक नजर ठेवता येते. त्याची नोंद अधिक वेळा व अधिक दिवस घेता येते, आणि जरूर तर त्वचेखाली बसविण्याचे इवलेसे यंत्र महिनोन् महिने पहारा करते. अब्लेशननंतरच्या पहिल्या दोनतीन महिन्यांत ताल मधूनमधून बिघडला तरी तेवढ्यावरून उपचार फसला असे तज्ज्ञ मानीत नाहीत, हेही घरच्यांनी जाणून असावे. विनाकारण धीर सोडू नये.

दुसरे असे की, अनुमान म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे. ते बदलता येते. ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथे झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या स्थूल रोग्यांनी आपले वजन शेकडा १० किंवा अधिक उतरवून ते टिकविले त्यांचा ताल टिकण्याचा संभव इतरांच्या सहापट आढळला. त्याच देशात २०२० साली मद्य घेणाऱ्या १४० रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. मद्य वर्ज्य करण्यास सांगितलेल्या गटात सहा महिन्यांत शेकडा ५३ जणांचे, तर पूर्ववत चालू ठेवणाऱ्यांत शेकडा ७३ जणांचे दुखणे उलटले. रक्तदाब ताब्यात ठेवणे, नित्य चालणे, घोरण्याची तपासणी करून घेणे, या साध्या गोष्टींचेही महत्त्व कमी नाही.

शेवटी गृहव्यवस्थेच्या दृष्टीने दोनतीन सूचना कराव्याशा वाटतात. घरात असा रोगी असेल तर त्याचे सर्व ईसीजी तारीखवार लावून ठेवावेत. एका लेखापेक्षा पाच वर्षांच्या लेखांतील फरक डॉक्टरांस अधिक सांगतो. हे लेख बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात, आणि ऊन व उष्मा लागून ते फिके पडतात. म्हणून त्यांची छायाप्रत अवश्य काढून ठेवावी. कुतूहलाने बारीक घरे मोजावीत, परंतु निदान डॉक्टरांवर सोपवावे. एकत्र कुटुंबात माणसे पुष्कळ, म्हणून प्रत्येकास वाटते की गोळी दुसऱ्याने दिली असेल. यास्तव औषधाचे काम एकाच व्यक्तीकडे नेमून द्यावे. घरातील एखाद्या शाळकरी नातवास किंवा नातीस मनगटावर बोटे ठेवून पुरे एक मिनिट नाडी मोजण्यास शिकवावे, आणि ठोके वेडेवाकडे लागले तर लगेच सांगण्यास बजवावे. तोंड एकीकडे ओढले जाणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता इस्पितळ गाठावे. कारण तेथे मिनिटांचा हिशेब असतो.

ताप उतरल्यावर पथ्य सोडणाऱ्यास आपल्या आज्या रागे भरत. हृदयाचा ताल जुळल्यावर औषध सोडू पाहणाऱ्यासही तितक्याच आपुलकीने रागे भरण्याचा अधिकार घरातील प्रत्येकाने बजावावा.